उन्हाचा रेटा आणि ३५१ दिवस

गेल्या अंकात या सदरात मी लिहिलं होतं की सूर्याचा प्रकाश उपग्रहाला ढकलतो, आणि हा रेटा हिशेबात धरला नाही तर उपग्रह उद्या कुठे असेल ते नेमकं सांगता येत नाही. त्या दोन ओळींवर बेळगाव, खानापूर, निपाणीकडून पत्रं आली. बेंगळुरूत उपग्रहांच्या कक्षांचं गणित करण्यात माझी २७ वर्षं गेली, त्यांतली निम्मी तरी या एका रेट्याच्या मागे. टिळकवाडीत परत आल्यापासून याबद्दल कुणी विचारलं नव्हतं. आता विचारलंत, तर सविस्तरच लिहिते.

यळ्ळूरहून एक शेतकरी लिहितात: ताई, आमच्या शिवारात मोजणीवाले काठीवर यंत्र लावून आले. म्हणाले, बांध कुठं आहे ते वरचे उपग्रह सांगतात. उपग्रहच उन्हानं सरकायलेत तर आमचा बांध सरकणार नाही काय? आणि ऊन ढकलतंय म्हणजे किती ढकलतंय? आम्ही दिवसभर उन्हातच असतो की.

तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते. ऊन ढकलतं ते फार थोडं. पृथ्वीच्या अंतरावर दर चौरस मीटरला १३६१ वॅट ऊन मिळतं. त्याला प्रकाशाच्या वेगाने भागलं की रेटा निघतो: चौरस मीटरमागे साडेचार मायक्रोन्यूटन. शेताच्या मापात सांगायचं तर मध्ये हवा नसती आणि सूर्य बरोबर डोक्यावर असता, तरी एक एकर काळ्या रानावर पडणाऱ्या सगळ्या उन्हाचा भार दोन ग्रॅमही भरला नसता. चिमूटभर मिठाएवढा. तो तुम्हाला जाणवणार कसा?

उपग्रहाला मात्र पाय टेकायला जागा नाही. वीस हजार किलोमीटर उंचीवरच्या दिशादर्शक उपग्रहाच्या वेगात या रेट्यामुळे दर सेकंदाला पडणारी भर म्हणजे मीटरचा जेमतेम एक कोटीवा भाग. पृथ्वीची ओढ याच्या पन्नास लाख पटींहून जास्त आहे. पण हा रेटा दिवसभर चालू राहतो, आणि तो अजिबात धरला नाही तर एका दिवसात उपग्रहाच्या जागेचा अंदाज दोनशे मीटरच्या आसपास चुकतो.

कुणाला किती ढकललं जाईल हे तुम्हाला माझ्याइतकंच कळेल. खळ्यावर भात उफणताना वारा एकच असतो, पण भरलेला दाणा पायाशी पडतो आणि फोलपट चार हात लांब जातं. फोलपटाला अंग आहे, वजन नाही. १२ ऑगस्ट १९६० ला अमेरिकेने ‘एको-१’ नावाचा एक फुगा कक्षेत सोडला. व्यास ३० मीटर, कातडी चकचकीत, वजन ७५ किलोच्या आसपास. तो आकाशातलं फोलपट होता. सुमारे १५०० किलोमीटर उंचीवर जवळजवळ गोल फिरणारा तो फुगा काही महिन्यांतच लांबट कक्षेत फिरू लागला आणि पृथ्वीच्या सर्वांत जवळ येण्याचा त्याचा बिंदू शेकडो किलोमीटर खाली आला. उलट १९७६ सालचा ‘लॅजिऑस’ हा ६० सेंटिमीटरचा, पितळी गाभ्याचा गोळा. वजन ४०० किलोहून जास्त, अंगावर लेझर परतवणारे ४२६ लोलक. तो भरलेला दाणा. एका किलोमागे किती अंग उन्हात येतं ते काढलं, तर या दोघांत दहा हजार पटींहून जास्त फरक आहे.

गोल कक्षा लांबट का होते? पावसाळी वाऱ्यात तुमच्या यळ्ळूर रस्त्याने सायकलवर जाताना वारा तोंडावर असतो, येताना पाठीवर. उपग्रहही अर्धी फेरी सूर्याकडे जातो आणि अर्धी सूर्यापासून दूर. एका अर्ध्यात वेग किंचित घटतो, दुसऱ्यात तेवढाच वाढतो. फेरीअखेर जमाखर्च जवळजवळ बरोबरीत येतो, पण जिथे वेग वाढला त्याच्या समोरच्या बाजूला कक्षा फुगते आणि जिथे घटला त्याच्या समोरच्या बाजूला आत दबते. फेरीमागून फेरी हेच होत राहिलं की कक्षेचा आकार बदलतो.

आता बांध. मोजणीवाल्यांचं दुसरं एक यंत्र तिथून जवळच, नेमकी माहीत असलेल्या जागी उभं असतं. दोन्ही यंत्रं तेच उपग्रह बघतात, त्यामुळे उपग्रहाच्या जागेतली चूक दोघांनाही जवळजवळ सारखीच लागते आणि वजाबाकीत निघून जाते. यंत्रं दहा किलोमीटर लांब असली आणि उपग्रहाची जागा मीटरभर चुकलेली असली, तरी बांधावर तिचा परिणाम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास राहतो. या कारणाने बांधाची काळजी करू नका.

उद्यमबागेत बफिंगचं काम करणारे एक वाचक विचारतात: उपग्रहाला सोन्याचा पत्रा का गुंडाळतात? आणि पृष्ठभाग चकचकीत केला तर ऊन जास्त ढकलतं की कमी? आमचा रोजचा धंदा पॉलिशचा, म्हणून विचारतो.

हा प्रश्न माझ्या कामाच्या थेट गाभ्यातला आहे. चकचकीत केलं तर जास्त. भिंतीला शेणाचा गोळा थापला तर तो चिकटतो. चेंडू मारला तर उसळून परत येतो आणि परत जाताना भिंतीला आणखी एकदा रेटून जातो. काळा पृष्ठभाग ऊन गिळतो, तिथे साडेचार मायक्रोन्यूटन. आरसा ऊन परतवतो, तिथे त्याच्या दुप्पट. आणि तुमच्या भाषेत ज्याला मॅट फिनिश म्हणतात, तिथे परतणारं ऊन चहूकडे विखुरतं, म्हणून रेटा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी पडतो.

याहून महत्त्वाची गोष्ट दिशेची. काळ्या पृष्ठभागाला ऊन सूर्यापासून सरळ दूर ढकलतं. आरसा तिरपा धरला तर तो स्वतःच्या पाठीच्या दिशेने ढकलला जातो, म्हणजे आडवाही सरकतो. त्यामुळे सौर पंखाची, म्हणजे उन्हापासून वीज करणाऱ्या पत्र्याची, जोडणी एखादा अंश जरी वाकडी असली तरी उपग्रहाला बाजूचा रेटा मिळू लागतो. जीपीएस उपग्रहांमध्ये पंखांच्या दांड्याच्या दिशेने असा एक आडवा रेटा सापडलेला आहे. मुख्य रेट्याच्या शंभराव्या भागाहूनही तो लहान आहे, आणि तरीही दुर्लक्ष केलं तर दिवसाला दोनेक मीटरची चूक देतो. पंखांची किंचित वाकडी जोडणी आणि उपग्रहाच्या एकाच बाजूने जास्त बाहेर पडणारी उष्णता, अशी कारणं त्यामागे दिली जातात.

हो, उष्णतासुद्धा ढकलते. गिळलेलं ऊन कधीतरी बाहेर टाकावंच लागतं, आणि एका बाजूने जास्त टाकलं की उपग्रह दुसऱ्या बाजूला रेटला जातो. १९७२ आणि १९७३ साली सोडलेल्या ‘पायोनियर १०’ आणि ‘पायोनियर ११’ या यानांचा वेग अपेक्षेपेक्षा किंचित जास्त मंदावत होता. गुरुत्वाकर्षणाचा नियम बदलावा लागेल काय, इथपर्यंत चर्चा गेली. २०१२ मध्ये स्लाव्हा तुरिशेव्ह आणि सहकाऱ्यांनी यानाच्याच उष्णतेचा बारकाईने हिशेब मांडून दाखवला, आणि कोडं तिथे सुटलं.

तुम्ही म्हणता तो सोन्याचा पत्रा बहुतेक वेळा सोनं नसतंच. ती कॅप्टॉन नावाच्या पिवळसर प्लास्टिकची पातळ फिल्म असते, तिच्या मागच्या बाजूला ॲल्युमिनियमचा मुलामा. अशा अनेक थरांची गोधडी उपग्रहाला थंडी-उष्म्यापासून सांभाळते. गणित करणाऱ्याला ती अवघड जाते, कारण ती चुरगळलेली असते आणि प्रत्येक सुरकुती ऊन वेगळीकडे फेकते. शिवाय अतिनील किरणांनी आणि विद्युतभारित कणांनी वर्षानुवर्षं भाजून तिचा रंगही बदलतो. तुमच्या दुकानातून बाहेर पडलेला भाग आणि पाच वर्षं उन्हापावसात वापरलेला तोच भाग तुम्हाला हाताला वेगळा लागतो ना, तसंच ते आहे. आम्ही मात्र हात लावू शकत नाही.

इथे माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. भूस्थिर उपग्रहाचे, म्हणजे जमिनीवरून आकाशात एकाच जागी दिसणाऱ्या उपग्रहाचे, पंख सूर्यामागे वळत राहतात, पण केवळ उत्तर-दक्षिण अक्षाभोवती. त्यामुळे मार्च आणि सप्टेंबरात ऊन त्यांच्यावर सरळ पडतं, तर जून आणि डिसेंबरात साडेतेवीस अंशांच्या आसपास तिरपं, आणि पंखांवरचा रेटा सुमारे आठ टक्क्यांनी घटतो. जानेवारीत सूर्य जवळ आणि जुलैत लांब, हे मी धरलं होतं. तिरपेपणा धरायचा राहिला. डिसेंबरातल्या मोजमापांवरून मी रेट्याचा गुणांक काढला, म्हणजे गणिताने आलेल्या रेट्याला ज्याने गुणलं की तो मोजमापांशी जुळतो तो आकडा. तो जरा कमी आला, पण आकडे इतके सुरेख जुळले की मला शंका आली नाही. मार्चमध्ये तोच गुणांक वापरून दहा दिवसांचा अंदाज काढला, आणि उपग्रह रोज अंदाजापासून थोडा थोडा लांब जाऊ लागला. आमच्या वरिष्ठांनी कागद शांतपणे वाचला आणि विचारलं, “हा गुणांक उपग्रहाचा आहे की डिसेंबरचा?” पुढे माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येकाला मी हाच प्रश्न विचारत आले.

शहापूरच्या एक आजी लिहितात: पूर्वी टीव्हीवर बातम्या संपताना इन्सॅटने घेतलेलं ढगांचं चित्र दाखवायचे. नातवाने त्या उपग्रहाचा फोटो दाखवला तर त्याला एकच पंख. दुसरा तुटला होता काय?

आजी, तुटला नव्हता. तो मुद्दामच ठेवला नव्हता, आणि कारण तुम्ही बघत होता तेच ढगांचं चित्र. रात्रीसुद्धा ढग दिसावेत म्हणून त्या कॅमेऱ्यात उष्णता टिपणारी नजर बसवलेली होती, आणि ती नजर खूप थंड ठेवावी लागते. त्यासाठी उपग्रहाच्या उत्तरेकडच्या अंगाला गार आकाशाकडे तोंड करून एक शीतक बसवला. त्याच बाजूला सौर पंख असता तर तापलेल्या पंखाची धग शीतकावर आली असती. म्हणून पंख फक्त दक्षिणेला.

पण कावडीला एकाच बाजूला घागर बांधली तर कावड राहील का सरळ? ऊन दक्षिणेच्या पंखाला रेटायचं आणि सगळा उपग्रह कलंडायला बघायचा. मग उत्तरेला एक लांब दांडा काढून त्याच्या टोकाला हलकं शीड लावलं. त्याला दुसरं काहीच काम नव्हतं, उन्हाचा रेटा दुसऱ्या बाजूला घेऊन तोल साधायचा एवढंच. एप्रिल १९८२ मध्ये गेलेल्या ‘इन्सॅट-१ए’चं शीड उघडलंच नाही. इतरही अडचणी आल्या, तोल सांभाळण्यात इंधन खर्च होत राहिलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरात तो उपग्रह सोडून द्यावा लागला. पुढच्या वर्षी ३० ऑगस्टला ‘चॅलेंजर’ यानातून गेलेला ‘इन्सॅट-१बी’ मात्र वर्षानुवर्षं चालला, आणि १९९२ मध्ये भारतात बांधलेल्या ‘इन्सॅट-२ए’नेही हीच एक पंख, एक शीड अशी रचना घेतली. आपल्याच राज्यात हासनला या उपग्रहांचं मुख्य नियंत्रण केंद्र आहे. एखाद्या वेळी हासनला गेलात तर त्या मोठ्या अँटेना लांबूनच का होईना, बघून या.

खानापूरहून नववीतली एक मुलगी विचारते: आमच्या प्रयोगशाळेत काचेच्या गोळ्यात चार पात्यांची एक भिरभिरी आहे, पात्यांची एक बाजू काळी, एक पांढरी. उन्हात धरली की ती फिरते. प्रकाशाच्या दाबानेच ना?

नाही गं. आणि हे तुला स्वतःला तपासता येईल. वर पॉलिशच्या उत्तरात लिहिलंय की परतवणाऱ्या बाजूला जास्त रेटा बसतो. म्हणजे प्रकाशाच्या दाबाने भिरभिरी फिरली असती तर पांढरी बाजू मागे हटली असती. तू नीट बघ, मागे हटते ती काळी. गोळ्यात थोडीशी हवा उरलेली असते. काळी बाजू जास्त तापते आणि त्या विरळ हवेच्या धक्क्यांनी पातं फिरतं. सगळी हवा काढून टाकली तर भिरभिरी थांबते. प्रकाशाचा खरा दाब मोजायला मॉस्कोत प्योत्र लेबेदेव यांना आणि अमेरिकेत निकोल्स आणि हल यांना १९०० च्या सुमारास फार नाजूक उपकरणं बनवावी लागली, आणि त्यांचा मोठा झगडा या उरलेल्या हवेशीच होता. पातं कुठल्या दिशेने फिरलं ते वहीत बाण काढून ठेव.

निपाणीचा एक विद्यार्थी, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षातला, लिहितो: मॅडम, उपग्रहाच्या आराखड्यावरून रेटा काढायचा की मोजमापांवर आकडे बसवून? दुसऱ्या पद्धतीने उत्तर जास्त जुळतं असं वाचलं. मग भौतिकी हवी कशाला?

तुझा प्रश्न वाचून मी पत्र बाजूला ठेवलं आणि जुनी वही काढली. या वादात मी अनेक वर्षं होते.

दोन्ही वाटा खऱ्या आहेत. पहिल्या वाटेत उपग्रह म्हणजे एक पेटी आणि दोन पंख असं धरून प्रत्येक पृष्ठभागावरचं ऊन मोजतात. याहून बारीक काम करायचं तर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये केलं तसं, आराखड्यावर संगणकातून लाखो किरण सोडून कोणता भाग कोणावर सावली पाडतो, कुठून परतलेला किरण पुन्हा कुठे आदळतो, तेही बघतात. दुसरी वाट स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठातल्या गटाने १९९४ मध्ये रूढ केली. त्यांनी तीन दिशा धरल्या: एक सूर्याकडे, दुसरी पंखांच्या दांड्याच्या दिशेने, तिसरी या दोन्हींना काटकोनात. प्रत्येक दिशेला एक स्थिर आकडा, आणि फेरीगणिक चढउतार करणारे काही. रोजच्या मोजमापांवरून हे आकडे नव्याने बसवायचे. आराखडा हातात नसला तरी चालतं. जगभरच्या केंद्रांनी ही पद्धत उचलली आणि आज जीपीएसच्या अंतिम कक्षा दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत कळतात, त्यात तिचा वाटा मोठा आहे. मी तिच्याबद्दल कृतज्ञ आहे.

पण बसवलेला आकडा काहीही गिळतो. उन्हाचा रेटा गिळतो, तशी दुसरीकडची चूकही गिळतो. पृथ्वी सुमारे तीस टक्के ऊन परत फेकते आणि स्वतःची उष्णताही बाहेर टाकते. तो खालून येणारा रेटा आहे. उपग्रहाचा अँटेना पृथ्वीकडे लहरी पाठवताना उपग्रहाला वर ढकलतो. हे दोन्ही विसरले तर कक्षेची उंची सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरने चुकते. ते न धरता आकडे बसवलेस तर त्यांतला काही भाग सूर्याच्या नावावर चढेल आणि जुळणी बघून तुला ते कळणारही नाही.

हे कसं उघडं पडलं ते ऐक. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत जीपीएसचं एक स्थानक आहे. अशी स्थानकं जगभर आहेत, आणि त्यांच्या जागेच्या रोजच्या नोंदींतून जमीन कशी सरकते ते कळतं. आपला भारताचा तुकडा वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो, हे अशाच नोंदींतून इतकं स्पष्ट दिसतं. त्या सरकण्यावर मिलिमीटरच्या लाटाही दिसतात. काही लाटा खऱ्या असतात: पावसाळ्यात धरणं भरतात, जमीन मुरलेल्या पाण्याने जड होते आणि दबते, उन्हाळ्यात पुन्हा वर येते. हिडकलचं पाणी चढलं की भोवतालच्या जमिनीवर तो भार येतोच. अशी लाट ३६५ दिवसांची असायला हवी. पण २००८ च्या सुमारास संशोधकांनी अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र चाळल्या तेव्हा जगभरच्या स्थानकांत जवळपास ३५१ दिवसांची लाट सापडली, आणि तिच्या अर्ध्या, तिसऱ्या, चौथ्या हिश्शाच्याही.

३५१ दिवसांनी जमिनीवर काहीच घडत नाही. ना पाऊस, ना सण. पण जीपीएस उपग्रहांच्या कक्षांची पातळी, म्हणजे कक्षा ज्या सपाट तबकडीत बसते ती, हळूहळू पश्चिमेकडे वळते, आणि त्यामुळे सूर्य त्या पातळीच्या संदर्भात पुन्हा त्याच जागी यायला बरोबर एवढेच दिवस लागतात. म्हणजे ती लाट जमिनीची नव्हतीच. उपग्रहावरच्या उन्हाच्या हिशेबात राहिलेली त्रुटी हे तिचं एक मोठं कारण, आणि ती खाली येऊन बेंगळुरूची जमीन हलल्यासारखी दाखवत होती. ३५१ आणि ३६५ इतके जवळ आहेत की या दोन लाटा एकमेकींपासून पूर्ण सुटायला सुमारे पंचवीस वर्षांच्या नोंदी लागतात. मधल्या काळात धरणाच्या पाण्याने दबलेली जमीन आणि उपग्रहाची चूक एकमेकांत मिसळून जाते. समुद्र वर्षाला किती मिलिमीटर चढतो हे सांगायचं असेल, तर अशी मिसळ चालत नाही.

म्हणून माझं मत विचारशील तर: आधी भौतिकीने जेवढं सांगता येईल तेवढं सांगायचं आणि बसवलेल्या आकड्यांकडे फक्त उरलेलं द्यायचं. आणि ते उरलेलं रोज बघायचं. ते नुसतं लहान असून भागत नाही, त्यात कुठल्या महिन्याची, कुठल्या सूर्याच्या कोनाची छाप दिसता कामा नये. नंतरची वर्षं याच दिशेने गेली. म्युनिकमध्ये २०१२ मध्ये पेटी-पंखांच्या रचनेत आकडे बसवण्याची सोय केली. बर्नच्या गटाने २०१५ मध्ये लांबट उपग्रहांसाठी आपल्या जुन्या पद्धतीत चढउतार करणारे आणखी आकडे घातले. आणि युरोपने २०१६-१७ मध्ये आपल्या ‘गॅलिलिओ’ उपग्रहांची वजनं, मापं, कोणता पृष्ठभाग किती ऊन गिळतो ते सगळं खुलं केलं. त्या वेळी मला झालेला आनंद सांगता येणार नाही. इतकी वर्षं आम्ही छायाचित्रं बघून पंखांची मापं काढत होतो! प्रत्येक देशाने हे करावं, असं मला फार वाटतं.

तुझ्यासाठी एक काम. एका जीपीएस उपग्रहाची अंतिम कक्षा इंटरनेटवर मोफत मिळते, ती उतरवून घे. एका दिवसाच्या सुरुवातीची जागा आणि वेग घेऊन, पृथ्वी, चंद्र आणि सूर्य यांची ओढ धरून पुढचे २४ तास स्वतः गणित कर. पृथ्वी अगदी गोल धरू नकोस. मग उन्हाचा रेटा घाल, पृथ्वीच्या सावलीत शिरल्यावर तो बंद होईल अशी तजवीज ठेव, आणि पुन्हा कर. दोन्ही उत्तरांत किती मीटरचा फरक पडला ते बघ. नंतर हेच तीन महिन्यांनी येणाऱ्या तारखेसाठी कर, तोच गुणांक ठेवून. दोन्ही दिवसांचे फरक मला लिहून पाठव, आणि गुणांक कुठून घेतलास तेही.